हसणाऱ्या वारसांविषयी खबरदारी

मी, सुब्बाराव गणपतराव माळतकर, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा शिंपीकाम, सध्या बंद, राहणार जे. पी. नगर, बेंगळूरु, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं, स्वतःच्या टेबलावर, दार लावून लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. शेजारचे डॉ. श्रीहर्ष यांनी तसं लिहून दिलं आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव येण्याची लक्षणं दिसू लागली म्हणूनच लिहायला बसलो आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी पुढं केलंच तर ते खोटं समजावं आणि पुढं करणाऱ्याचं नाव नीट लिहून घ्यावं.

भाषेविषयी एक खुलासा. आमच्या घरात मराठी बोलतात, पण निम्मी कन्नड मिसळून. लिहायची मराठी मी जुनी मासिकं वाचून आणि टीव्हीवर मुंबईच्या विनोदी मालिका बघून शिकलो. कुठं चूक आढळली तर ती मालिकेची. वकील रंजिता म्हणाल्या, "अंकल, कन्नडमध्ये लिहा, म्हणजे घरात सगळ्यांना भराभर वाचता येईल." मी म्हटलं, "भराभर वाचू नये म्हणूनच मराठीत लिहितो."

कलम १. माझ्यामागं हा कागद हॉलमध्ये सगळ्यांना सोफ्यावर बसवून मोठ्यानं वाचू नये. सिनेमात तसं करतात. काळ्या कोटातला वकील चष्मा पुसतो, मिशीवाला काका उठून उभा राहतो, कोणाच्या तरी हातातून कप पडतो. हे सगळं खोटं आहे असं रंजिता म्हणाल्या. प्रत्यक्षात प्रत्येकाला एकेक प्रत मिळते आणि प्रत्येकजण आपापल्या घरी रागावतो. तसंच करावं.

कलम २. सिनेमा मी तरुणपणापासून बघत आलो आहे. इथल्या शिवाजीनगरचं माझं दुकान रविवारी दुपारी बंद करून मॅजेस्टिकच्या थिएटरांत जायचं, ही माझी चैन. त्या सिनेमांतून जे शिकलो ते इथं लिहितो, कारण माझ्या वाटणीचा पाया तोच आहे. एक, आजारपणात कोऱ्या कागदावर सही करू नये. दोन, सून न मागता दूध आणून देते तेव्हा स्वल्प थांबावं. (गेल्या महिन्यात रूपश्रीनं हळदीचं दूध आणलं होतं. मी प्यालो. चांगलं होतं. तरी नोंद करून ठेवतो.) तीन, आणि हे महत्त्वाचं: त्यागी थोरला भाऊ. तो सगळं हयातीतच वाटून टाकतो, मग त्याला जेवायला कोणी विचारत नाही, तो देवळाच्या पायरीवर जाऊन बसतो, आणि शेवटच्या रिळात सगळे रडत त्याच्याकडं येतात. मीही अशा सिनेमांना रुमाल भिजवून रडलो आहे. पण परत येताना बसमध्ये डोकं चालायला लागायचं. सगळ्यांना एकाच वेळी पश्चात्ताप कसा होतो? पुढच्या खेळाची माणसं बाहेर उभी असतात म्हणून होतो. घरात पुढचा खेळ नसतो. तिथं पश्चात्तापाला कोणाला घाई नसते.

कलम ३. जे. पी. नगरचं घर माझ्या स्वकष्टाचं आहे, वडिलोपार्जित नाही. वरचा मजला थोरला मुलगा मोहनकुमार आणि सून रूपश्री यांना. ते तिथंच राहतात. धाकटा विनोदकुमार के. आर. पुरमला स्वतःच्या फ्लॅटमध्ये सुखी आहे. त्याला बँकेतल्या माझ्या सगळ्या ठेवी. खालचा मजला दोघां मुलांना समाईक. [खोडलेलं: परंतु माझी धाकटी बहीण सोयराबाई हिला तिच्या हयातीपर्यंत खालच्या मजल्यावर राहू द्यावे, तिला तेथून हलवू नये, ही दोघांना माझी आज्ञावजा विनंती आहे.]

खोडलेल्या जागी समासात माझी आणि साक्षीदारांची सही आहे. रंजिता म्हणाल्या, नवीन कागदावर सगळं पुन्हा लिहा. मी लिहिणार नाही. आधी काय लिहिलं होतं ते मुलांना दिसू दे. "खालचा मजला दोघां मुलांना समाईक" हेही कलम ७ प्रमाणे बदललं आहे.

कलम ४. माझं शिलाई मशीन शिवाप्पाला द्यायचं होतं. शिवाप्पा निपाणीकडचा, दुकानात शेवटपर्यंत माझ्यासोबत बसला, मराठी वाचतो आणि गोष्ट पोटात ठेवतो, म्हणून मला तो साक्षीदार हवा होता. पण ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्यानं साक्ष करू नये असं कळलं. म्हणून मशीन त्याला आजच रिक्षात घालून दिलं आहे. सबब हे कलम रिकामं समजावं.

कलम ५. आता टीव्हीविषयी, आणि हे मृत्युपत्र का करावं लागलं त्याविषयी.

सोयराबाई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. हुबळीला दिली होती, नवरा लवकर गेला, तेव्हापासून माझ्याकडं आहे. दुकानातून बाहेर पडलेल्या प्रत्येक शर्टाची काजं तिच्या हातची. माझी बायको कृष्णाबाई गेल्यावर घरही तिनंच चालवलं. तिला ऐकू येत नाही. आधी कमी येत होतं, आता जवळजवळ नाहीच. कानाचं मशीन लावून दिलं तर काढून डब्यात ठेवते, कान खाजतो म्हणते. संध्याकाळी आम्ही दोघं विनोदी मालिका बघतो. पद्धत अशी की विनोद झाला की ती विचारते, "काय म्हणाला रे, अण्णा?" मी तिच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन तो पुन्हा सांगतो, आणि ती हसते. पुष्कळ विनोद माझ्या तोंडून जास्त चांगले होतात, असं माझं मत आहे. हल्लीच्या कार्यक्रमांत तर परीक्षक म्हणून बसवलेली माणसं विनोद संपायच्या आत खुर्चीवरून खाली घसरतात. हसायचा मोबदला घेणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी धाकटा विनोद आला होता. सगळे खाली बसलो होतो. एक नवी मालिका लागली. तीत एक बहिरी आत्या. तिच्या हातात पत्र्याची पेटी. एक पुतण्या तिला दुसऱ्याच्या दारात सोडतो, दुसरा तिसऱ्याच्या. दर दाराला मागून हशा सोडलेला. विनोद मोहनला म्हणाला, "ए, आपली आत्या बघ."

मोहन म्हणाला, "माझ्याकडं राहून झालं की तिचं. आता तुझी पाळी."

"आमच्याकडं लिफ्ट बंद आहे बाबा."

"दुरुस्त होईपर्यंत वॉचमनकडं ठेव."

दोघं मोठ्यानं हसले. मालिकेतल्या हशात त्यांचं हसणं मिसळून गेलं. सोयरानं माझ्याकडं वळून विचारलं, "काय म्हणाला रे, अण्णा?" मी तिच्या कानात सांगितलं, "शेजाऱ्याचा कुत्रा इडली घेऊन पळाला म्हणतो." ती पदरानं डोळे पुसेपर्यंत हसली.

मुलं वाईट नाहीत. शेंबूड पुसून वाढवलेली माझीच आहेत. पण माणूस कशाला हसतो हे एकदा बघितलं की मग विसरता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी रंजितांना घरी बोलावलं. मोहननं विचारलं, "अप्पा, वकील कशाला आली होती?"

"ब्लाऊजचं माप द्यायला."

"तुम्ही शिवणं कधीच बंद केलंत."

"म्हणून तर वेळ लागतोय."

त्या दिवसापासून मोहन रोज संध्याकाळी खाली येऊन बसू लागला. विनोद आठवड्यात दोनदा, तेही के. आर. पुरमहून, त्या गर्दीतून. टीव्हीवर विनोद झाला की दोघं आधी माझ्या तोंडाकडं बघतात आणि मग हसतात. अशा हसण्याची बेरीज करून मी वाटणी करणार नाही, हे दोघांनी समजून घ्यावं.

कलम ६. गेल्या आठवड्यात मी रूपश्रीला सोयराच्या खोलीत टेप घेऊन भिंत मोजताना पकडलं. टेप उलट्या बाजूनं धरला होता. "काय चाललंय?" म्हटलं.

"काही नाही मामा, स्वल्प बघत होते."

मालिकेत "काही नाही" म्हणणारी सून पुढच्या भागात काय करते ते मला माहीत आहे. आमच्या गल्लीत निम्म्या घरांनी खालच्या खोल्या आयटीच्या मुलांना भाड्यानं दिल्या आहेत. मी त्याच दुपारी कलम ३ लिहिलं, आणि लिहिताना पेन इतकं दाबलं की मागच्या पानावर उठलं.

शनिवारी दोन माणसं मोठा टीव्ही घेऊन आली आणि सोयराच्या पलंगासमोरच्या भिंतीवर तो लावून गेली. मी रूपश्रीला विचारलं, "हा वरती लावायचा सोडून इथं का?"

ती म्हणाली, "आत्यांना तोंडं मोठी दिसायला हवीत ना. त्या तोंड बघूनच तर ओळखतात."

"काय ओळखतात?"

"बोलणं. सगळं नाही, निम्मंअर्धं. मामा, तुम्हाला ठाऊक नाही? मी तर आवाज न काढताच बोलते त्यांच्याशी. स्वयंपाकघरात आमच्या गप्पा चालतात त्या कशा मग?"

मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी तिच्या कानाशी तोंड नेत होतो. कानाशी नेलेलं तोंड दिसत नाही, एवढंही माझ्या लक्षात आलं नाही. आणि त्या रविवारी मोहन आणि विनोद तिच्या अगदी समोर बसले होते, उजेडात.

हळदीच्या दुधाची नोंद मी इथं मागं घेतो. कृष्णाबाईच्या पाटल्या रूपश्रीला. टेप कसा धरायचा ते मी तिला शिकवीन.

कलम ७. मी सोयराच्या समोर जाऊन बसलो, तोंड दिसेल असा, आणि विचारलं, "त्या दिवशी तुला कळलं होतं?"

"लिफ्ट बंद आहे ते? कळलं की."

"मग मला कशाला विचारलंस?"

"तू काय सांगतोस ते बघायचं होतं."

मग तीच म्हणाली, "पोरं काय, तोंडाला येईल ते बोलतात. लहानपणी माझ्या ताटातलं खाताना पण मला चिडवायची. मी हसण्यावारी नेलं असतं. पण तू कुत्रा सांगितलास ना, तेव्हा भ्याले. म्हटलं, अण्णा खोटं सांगतोय, म्हणजे यात काहीतरी खरं आहे."

मी तिला कलम ३ वाचून दाखवलं. मला वाटलं तिला बरं वाटेल. तिनं कागद हातात घेतला, बोटानं एकेक शब्द धरून पुन्हा वाचला. पोथ्या वाचून तिला मराठी माझ्यापेक्षा चांगली येते. मग म्हणाली, "राहू द्यावे?"

"हो. हयातीपर्यंत. कोणी हलवणार नाही."

"मला राहू देणारे ते कोण? आणि त्यांना विनंती करणारा तू कोण?"

"अगं, कायद्याची भाषा आहे ती."

"कायद्याची नाही, मालिकेची आहे. तिथंही सगळे त्या बाईला राहूच देत होते. प्रत्येकजण चार-चार दिवस." तिनं कागद माझ्याकडं सरकवला. "घर बांधलं तेव्हा दुकानात काजं कोण करत होतं? त्यातला एक शर्ट तरी बिनकाजाचा गेला का? तुझी कुठली कलमं असतील ती असू देत. मला विनंतीवर राहायचं नाही. माझं असेल तर माझं लिही, नाहीतर काही लिहू नको."

आजवर सगळ्या घरावर संशय घेतला, स्वतःच्या वाक्यावर घ्यायचं सुचलं नव्हतं. मी तिथंच, तिच्यासमोर, कलम ३ मधलं ते वाक्य खोडलं. आता असं समजावं:

खालचा मजला, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागची पडवी, आणि भिंतीवरच्या टीव्हीसकट तिथं जे असेल ते सगळं, माझी बहीण सोयराबाई हिच्या पूर्ण मालकीचं राहील. हयातीपुरतं नव्हे. ते तिनं राखावं, भाड्यानं द्यावं, विकावं, हव्या त्या माणसाला लिहून द्यावं. मोहनकुमार आणि विनोदकुमार यांचा, किंवा माझ्या आत्म्याचा, त्यात काही बोलण्याचा हक्क राहणार नाही. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी वकील रंजिता यांना नेमत आहे.

कलम ८. नवीन कलम कोणाला सांगू नको, असं मी सोयराला बजावलं होतं. रंजिता सांगणार नाहीत, शिवाप्पा तर मुळीच नाही. पण काल विनोद सकाळीच आला, चिरोटी घेऊन, आणि तिच्या शेजारी बसला. थोड्या वेळानं मोहन वरून आला आणि दुसऱ्या बाजूला बसला. मालिका लागली. तीत एक विनोद झाला. दोघांनी माझ्याकडं बघितलं नाही. दोघांनी तिच्याकडं बघितलं, आणि ती हसेपर्यंत थांबले. ती हसली नाही. विनोद म्हणाला, "आत्या, कळलं नाही का? सांगू?" ती म्हणाली, "कळलं. चांगला नव्हता." मग दोघंही गंभीर झाले.

ते उठून गेल्यावर मी विचारलं, "तू त्यांना सांगितलंस ना?"

ती म्हणाली, "मी कशाला सांगू?" आणि चिरोटीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.

खालचा मजला पुढं कोणाला देणार, हेही मी विचारलं. तिनं टीव्हीकडं तोंड फिरवलं आणि ऐकू आलं नाही असं दाखवलं. पूर्वी मी यावर विश्वास ठेवला असता.

वर लिहिलेलं सगळं मी समजून-उमजून लिहिलं आहे, पुन्हा वाचलं आहे, आणि खाली नावं असलेल्या दोघांच्या डोळ्यांदेखत सही करत आहे. त्या दोघांनी माझ्या डोळ्यांदेखत केली. कोणी कोणाकडं बघून हसलं नाही.

ठिकाण: जे. पी. नगर, बेंगळूरु
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४

(सही) सुब्बाराव गणपतराव माळतकर

साक्षीदार:
१. (सही) शिवाप्पा, शिंपी, शिवाजीनगर. संपूर्ण वाचून सही केली.
२. (सही) डॉ. श्रीहर्ष, जे. पी. नगर. मराठी येत नाही. फक्त सही करताना पाहिलं.