काकूंवर ओरडले त्या दिवशी

शुक्रवार, सप्टेंबर २००४, व्हर्जिनिया

हरिकेन दूर दक्षिणेत किनाऱ्याला धडकून विरलं, म्हणून मी निर्धास्त होते. त्याच्या पोटातून टोर्नेडो निघतात, हे कुठे माहीत होतं? दुपारी टीव्हीवर वॉर्निंग आली. वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकू खाली यायला तयार होईनात.

"अगं, नुसता वारा आहे."

"काकू, चला म्हणजे चला!" मी चक्क ओरडले. एवढा आवाज माझ्यात आला कुठून? हात धरून त्यांना खाली आणलं, टीव्हीवर सांगत होते तसं आमच्या बाथटबमध्ये बसवलं, दोघींवर गादी ओढली. सगळी बिल्डिंग थरथरली.

बाहेर येऊन पाहिलं, तर वर काकूंच्या बेडरूमला ना छप्पर, ना बाहेरची भिंत. पलंगावर आख्खं झाड आडवं.

काकू बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "ओरडायला इतका वेळ का लावलास गं?"

भर पार्किंगमध्ये आम्ही दोघी पोट धरून हसलो. जिंकलो यार!