खंडेनवमीचा हार

खंडेनवमी, दिवेलागणीची वेळ

पिंके, मी बोलते तसंच लिही. मधे तुझं शहाणपण घालू नकोस.

लेकानं, म्हणजे तुझ्या बापानं, फ्लॅट घेतला तो नेमका आमच्या जुन्या पंख्यांच्या कंपनीच्या जागेवर. कंपनी गेली, शेड गेल्या, कडुनिंब तेवढा उरला. त्याच्या शेजारीच माझं वाइंडिंगचं, म्हणजे पंख्याची तार गुंडाळायचं, मशीन होतं. खंडेनवमीला आम्ही बाया मशिनला हार घालायचो. आज हार घेऊन खाली गेले खरी, पण घालू कुणाला? तसाच परत आणायचा म्हणजे कंपनी खरंच मेली म्हणायचं. ते काही मला जमेना.

कडुनिंबाखाली आता सोसायटीचा जनरेटर आहे. घातला त्यालाच.

सेक्रेटरी साहेब धावत आले. "आजी, परवानगीशिवाय इथं पूजा चालत नाही."

"व्हय का? आन लाईट गेल्यावर लिफ्ट कोण चालवतं, तुमची परवानगी?"

तेवढ्यात समोरच्या गॅरेजमधून सलीमभाई आले, आमच्याच कंपनीतले फिटर. हातात नारळ. "वहिनी, दरवर्षी मीच फोडायचो. आज मला विसरलात व्हय?"

नारळ फुटला आणि मी पहिला तुकडा जनरेटरपुढं ठेवला. आम्ही गुंडाळलेल्या तारेवर किती घरांतले पंखे फिरले! अजून फिरत असतील. खोटं कशाला बोलू?

साहेब वर गेले. आले ते लॅपटॉप घेऊन. "आजी, यालाही जरा कुंकू लावता का?"

"लावते की. पण आधी चपला काढा, साहेब. कंपनी हाय ही."