दोष आढळला नाही

मंगळवार, १४ मार्च
ऑफिस, जेवणाची सुट्टी

चि. बब्बड हिस (वय वर्षे सत्तेचाळीस, तरीही बब्बडच),

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. हे ठीक, यांची कंबर ठीक, गॅलरीतली झाडंही मरायचं नाव घेत नाहीत. तिकडे तुम्ही दोघं ठीक असाल. पाकीट बघून छातीत धस्स झालं असेल तर सांगते, कोणी गेलेलं नाही. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचतेस आणि गप्प बसतेस. आठ महिने झाले. म्हणून कागद घेतला.

बातमी अशी की माझ्या गळ्याचं कारण सापडलं. तीन वर्षं, पाच डॉक्टर आणि एक निरोगी दाढ एवढं खर्ची पडल्यावर.

तुला आठवत असेल (नसेलही, तुला तेव्हा तुझंच पुष्कळ होतं), डाव्या जबड्याखाली दुखायचं. घास गिळला की आत काटा रुतल्यासारखं व्हायचं. मान डावीकडे वळवली की कळ थेट कानात. विजेच्या तक्रारी फोनवर ऐकणं हे ज्या बाईचं काम, तिच्या गळ्याला आणि कानालाच हे व्हावं!

पहिले गळ्याचे डॉक्टर. त्यांनी नाकातून दुर्बीण घातली, "वा, स्वच्छ आहे," म्हणाले. जणू मी घर दाखवायला बोलावलं होतं. मग दातांचे. त्यांनी दाढेवर संशय घेतला आणि ती काढून माझ्या हातात ठेवली. दुखणं होतं तिथेच राहिलं, दाढ मात्र गेली. हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा दिला. तो घालून ऑफिसात गेले तर शेजारच्या टेबलावरचे म्हणाले, "मॅडम, आता तरी मान ताठ झाली का?" त्यांची स्वतःची तर कधीच खाली नसते, त्यामुळे त्यांना पट्ट्याची गरज नाही. पोटाच्या डॉक्टरांनी पित्त वर येतंय म्हणून सांगितलं आणि गोळ्या दिल्या. शेवटचे मनाचे डॉक्टर. त्यांनी हळूच विचारलं, "काही बोलायचं राहून गेलंय का, जे गळ्यात अडकलंय?"

मी म्हटलं, "अडकून राहील असं मी काही ठेवतच नाही. घरी विचारा."

खोटं बोलले. त्याकडे येते.

आमच्याकडे एक शेरा आहे. तक्रार आली की माणूस जातो, मीटर बघतो, काही सापडलं नाही की लिहितो: "जागेवर पाहिले. दोष आढळला नाही. तक्रार बंद." बावीस वर्षं हा शेरा मी लोकांना फोनवर वाचून दाखवला. ते ओरडायचे, "अहो, पण दिवे जातायत ना माझे!" मी म्हणायचे, "आमच्या नोंदीत नाही जात." आता माझी फाइल तशीच फिरत होती. हे सुद्धा म्हणायला लागले, "रिपोर्ट चांगले आले, आता तरी आनंदी हो." आणि गुळण्या. गुळण्या हा यांचा सर्व रोगांवरचा उपाय. यांच्या आईंचं हाड मोडलं तेव्हाही यांनी आधी पातेलं गॅसवर ठेवलं होतं.

त्यातच तुझी गाठ निघाली. तुझ्याही गळ्यालाच.

आणि बघता बघता तिला नाव मिळालं. नाव मिळताच सगळं घर उठून उभं राहिलं. तुझ्या नवऱ्याने, ज्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, गोळ्यांचा तक्ता करून फ्रिजवर लावला. मामा आठ तास प्रवास करून आला. माझा पट्टा बघून ज्यांनी विनोद केले तेच नातेवाईक तुझ्या दारात आवाज खाली करून बोलत होते. मी तुझी फाइल चाळली, बब्बड. तू झोपली होतीस तेव्हा. पान सात, खालून चौथी ओळ. तिथे स्पष्ट लिहिलं होतं काय झालंय, कुठे, किती. मी ती ओळ तीनदा वाचली, आणि मला ती हवी होती. दुसऱ्याच्या गळ्यातला दागिना बघून बायकांचे डोळे जातात तसे माझे त्या कागदावर गेले.

मग तू जागी झालीस आणि मी बोलले. मामा होता, तुझी जाऊ होती, सगळ्यांदेखत. "तुझं बरं आहे बाई, रिपोर्टमध्ये काहीतरी निघालं तरी."

तू म्हणालीस, "घेतेस का माझं, ताई?"

तू तसं टोमणा म्हणून म्हणालीस हे मला कळलं. पण खरं सांगू? माझ्या ओठांवर "हो" आलं होतं. म्हणून मी पर्स उचलून निघाले. राग आला म्हणून निघाले असं मामाने सगळ्यांना सांगितलं. राग नव्हता.

आता गेल्या सोमवारचं. सहावी डॉक्टर, मुलीच्या वयाची. मी आत जाताच मनात म्हटलं, झालं, हिच्याही हातून तक्रार बंद. तिने फॉर्म वाचला आणि दुर्बिणीला हातच लावला नाही. हातमोजा चढवून म्हणाली, "आ करा," आणि बोट थेट गळ्यात, डाव्या बाजूला दाबलं. मी अशी किंचाळले की बाहेरचे दोन पेशंट उठून गेले म्हणे.

"हेच ना ते दुखणं?"

"हेच!" डोळ्यांत पाणी आलं, ते दुखण्याचं नव्हतं.

मग ती पुन्हा फॉर्मकडे बघायला लागली. "काकू, इथे लिहिलंय, पूर्वीची शस्त्रक्रिया: नाही. मग तुमचे टॉन्सिल्स कुठे गेले?"

सहा फॉर्म, बब्बड. सहाही फॉर्मवर मी स्वतःच्या हाताने "नाही" लिहिलं. रकाना रिकामा सोडला म्हणून मी लोकांना फोनवर फाडून खाते, आणि मी हे. कारण "हो" लिहिलं की पुढचा रकाना असतो: कारण.

कारण काहीच नव्हतं. गळा तुझा दुखायचा. तू सहा वर्षांची, महिन्याआड तापाने फणफणायचीस, आणि बाबा तुला खांद्यावर टाकून या खोलीतून त्या खोलीत फिरायचे. मी नऊ वर्षांची, कधी शिंकही न येणारी. तुझं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मी आईला सांगितलं माझाही गळा दुखतो. रोज सांगितलं, पंधरा दिवस. जेवण टाकलं. डॉक्टर म्हणाले, हिचेही जरा मोठे दिसतात. आई म्हणाली, "मग एकाच फेरीत दोघींचं उरकून टाका."

आणि उरकलं. रात्री तुला रक्त आलं. बाबा सकाळपर्यंत तुझ्या खाटेवर. माझी खाट शेजारीच होती. टॉन्सिल्स देऊनही माझा नंबर दुसराच लागला.

आई गेली, बाबा गेले, मी कोणाला सांगितलं नाही. यांनाही नाही.

डॉक्टरला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, कानामागून खाली येणारं एक सुईसारखं हाड सगळ्यांना असतं, माझं लांब वाढलंय. स्कॅनमध्ये साडेचार सेंटीमीटर निघालं. टॉन्सिल्स काढलेल्यांत ते कधी कधी त्रास देतं, न काढलेल्यांतही देतं, त्यामुळे ते खोटंच भोवलं असं म्हणता येणार नाही. "पण काकू, पहिल्याच फॉर्मवर लिहिलं असतंत तर कोणीतरी आधीच तिथे बोट लावलं असतं." म्हणजे तीन वर्षं आणि ती दाढ माझ्याच खात्यावर.

दुखण्याला लांबलचक नाव आहे. मला वाटलं होतं, नाव मिळालं की मी पेढे वाटल्यासारखी सांगत फिरेन. लिफ्टवाल्याला सांगितलं, एवढंच. तो म्हणाला, "बरं व्हा." झालं. नावात काही नव्हतं, बब्बड. ते घेऊन मी घरी आले आणि रात्रभर मला भीती वाटली. साध्या हाडाची. मारत नाही ते, डॉक्टरने दोनदा सांगितलं होतं, तरी वाटली.

ऑपरेशन पुढच्या गुरुवारी. सोबतीला हे आहेत, पातेलं घेऊन. तेव्हा तू ये असं म्हणत नाही. माफ कर असंही लिहून बघितलं, खोडलं. तो शब्द आपल्यात कधी वापरलेला नाही, माझ्या तोंडी तो उसना वाटतो.

एक विचारायचंय. तुझ्या गाठीचा तुकडा तपासायला गेला त्याला रिपोर्ट येईपर्यंत अकरा दिवस लागले. मला नक्की माहीत आहे, कारण मी ते मोजले होते: हिला अकरा दिवस आणि मला वर्षानुवर्षं, असं म्हणत. ते अकरा दिवस तू कसे काढलेस? झोपायचीस का? कोणाला सांगितलंस का, की भीती वाटते? मी तेव्हा तीन गल्ल्या सोडून राहत होते आणि एकदाही विचारलं नाही. सगळं सांग. लांबलं तरी चालेल, मध्ये माझं घुसडणार नाही.

पन्नाशीत पहिल्यांदा तुझं ऐकून घ्यायला बसलेली,
ताई