कुत्रा संध्याकाळी सहाला येतो

आल्कोराया, आल्मेरिया, स्पेन,
३ नोव्हेंबर २०१३

ती. इनिडताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. फोन उचलायचा नाही आणि पत्राचं उत्तर आठ दिवसांत आलं पाहिजे, हा तुझा टपाल कचेरीतला खाक्या निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी काही सुटत नाही.

तू विचारलं आहेस म्हणून सांगते, मी शब्द विसरलेले नाही. क्लाइव्हच्या दफनाच्या दिवशी तुला म्हटलं होतं, की इथे आणखी दोन हिवाळे काढीन आणि मग घर विकून इंग्लंडला, फ्लीटवूडला तुझ्याकडे येईन. हा दुसरा हिवाळा. जानेवारीअखेर येते. 'विकणे आहे'ची पाटीसुद्धा रंगवून आणली आहे, फक्त लावायची राहिली आहे.

पण मी एकटी येणार नाही. बार्नबी माझ्याबरोबर येईल. तो दालचिनीच्या रंगाचा भटका कुत्रा, क्लाइव्ह गेल्यापासून माझ्याकडे राहतो. 'राहतो' म्हणजे त्याच्या सोयीने. संध्याकाळी सहाला येतो, दाराशी आडवा पडतो आणि सकाळी पाववाल्याच्या गाडीचा भोंगा वाजला की निघून जातो. कुठे जातो देव जाणे. कधी हाडावर तुटून पडतो, तर कधी ताट नुसतं हुंगतो. पोट बिघडतं की काय, अशी मला काळजी वाटते. थंडीसाठी त्याला निळा स्वेटर विणला आहे. तो घालून दिल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं क्लाइव्ह मी विणलेल्या स्वेटरकडे पाहायचा. आमच्या एकडोळ्या मांजराने, नेल्सनने, त्याला पहिल्याच दिवशी नाकावर फटका देऊन घरातली रीत समजावली. तेव्हापासून दोघं गुण्यागोविंदाने नांदतात.

माझी तब्येत ठीक आहे. गेल्या वर्षीसारखा ताप या वर्षी नाही. तेव्हा वरच्या आळीतली एन्कार्ना न सांगता सवरता सूपाचं पातेलं घेऊन हजर झाली होती. या बायकांना लोकांच्या तापाचा वास येतो की काय कोण जाणे!

तुझी कंबर कशी आहे? लोभ आहे तसाच असू दे.

तुझी,
बेरिल


फ्लीटवूड,
१४ नोव्हेंबर २०१३

चि. बेरिल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रावर तिकीट तिरकं लावलेलं होतं. असो.

मागच्या खोलीच्या भिंतींना नवीन कागद लावून घेतला. बारीक पिवळी फुलं आहेत. तुला निळा आवडतो हे मला ठाऊक आहे, पण निळ्याने खोली थंड वाटते. पलंग खिडकीपाशी ठेवला आहे, तिथून ट्राम दिसते.

कुत्र्याचं मात्र जमायचं नाही. अगं, ज्याचा दिवसभर ठावठिकाणा नसतो त्याला तू आपला म्हणतेस? असला पाहुणा मला नको. केस, चिखल, दारावर ओरखडे! लहानपणी तू खिशात बेडूक घेऊन चर्चमध्ये आली होतीस, तेव्हा मार मी खाल्ला होता. आता या वयात नाही खाणार.

कंबर बरी आहे. पत्त्यांच्या मंडळात हल्ली जात नाही. तिथले जिने फार आहेत आणि माणसंही पूर्वीची उरली नाहीत. परवा चहा करताना चुकून दोन कप काढले. म्हटलं, बेरिल येणार म्हणून हाताला आत्तापासूनच सवय लागली.

पाटी लाव. लिहीत जा, आणि तिकीट सरळ लाव.

तुझी ताई,
इनिड


आल्कोराया,
९ डिसेंबर २०१३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, माझं तोंड काळं झालं. तू बसली असशील तर वाच, उभी असशील तर बस.

बार्नबीला इंग्लंडला आणायचं म्हणजे लस हवी, कागद हवेत, कातडीखाली नंबराची चकती हवी. तुझा विरोध होता, पण म्हटलं, त्याला दारात पाहिलंस की विरघळशील. म्हणून त्याला जनावरांच्या डॉक्टरणीकडे नेलं. तिने चकती बसवण्याआधी मानेवरून यंत्र फिरवलं, तर ते टुणकन वाजलं. चकती आधीपासूनच होती! ती पोरगी खो खो हसत म्हणाली, की अहो, हा तर मातियासचा कानेलो, शेळ्या राखणारा, अख्खा गाव ओळखतो याला. मातियास म्हणजे एन्कार्नाचा नवरा. भटका कसला, त्याच्या हाताखाली साठ शेळ्या आहेत! दिवसभर राबून येतो बिचारा, आणि ताट हुंगतो त्याचं कारण घरून जेवून आलेला असतो.

आम्हा इंग्रज बायकांची ही खोडच आहे. रस्त्यावर एकटा कुत्रा दिसला की तो अनाथच, असं आम्ही ठरवून टाकतो. शेजारच्या गावातल्या पामेलाने एका शिकाऱ्याची कुत्री अशीच उचलून तिला न्हाऊमाखू घातलं होतं. तेव्हा मी तिला किती हसले होते! आणि इथे मी दोन वर्षं दुसऱ्याच्या कुत्र्याला नाव ठेवलं, स्वेटर घातला आणि आता देशाबाहेर पळवून न्यायला निघाले होते.

माफी मागावी म्हणून केक भाजला. एन्कार्नाच्या दारापर्यंत गेले, आणि धीर झाला नाही. केक घेऊन परत आले, निम्मा मीच खाल्ला. ज्याचं त्याला परत केलं पाहिजे म्हणून चार दिवस संध्याकाळी दार उघडलेलं नाही. तो येतो, एकदा पंजा घासतो आणि बाहेर बसून राहतो. त्यानंतर रोज एन्कार्ना घरातल्या चपलांवर इथून फेरी मारते, माझ्या खिडकीकडे पाहते आणि त्याला घेऊन जाते. चोरावर पाळत ठेवत असणार, आणखी काय?

काल पाटी लावली. आता इथे अडकून राहावं असं काही उरलं नाही. नेल्सनचं काय करायचं ते तू सांग. घर संध्याकाळी फार मोठं वाटतं, ताई.

रागावू नकोस, लोभ ठेव.

तुझी,
बेरिल


फ्लीटवूड,
१८ डिसेंबर २०१३

चि. बेरिल हिस,
अनेक आशीर्वाद.

झालं ते बरंच झालं. पाटी लावलीस, छान केलंस. मांजर आण, एक डोळ्याचं आहे म्हणजे निम्माच त्रास देईल.

बाकी लिहायचं नव्हतं, पण लिहिते. तो कुत्रा थंडीत दाराबाहेर बसतो, हे वाचून मला जेवण गेलं नाही. कोणाचा का असेना, येईपर्यंत तरी त्याला आत घे. आणि त्या बाईकडे जाऊन सरळ बोल. इतकी वर्षं राहून शेजारणीशी बोलायचा धीर होत नाही म्हणजे काय?

नाताळचं पुडिंग वेगळ्या टपालाने पाठवलं आहे.

तुझी ताई,
इनिड


आल्कोराया,
२० जानेवारी २०१४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस म्हणून दार उघडलं. तो आत आला, आपल्या जागी पडला आणि एवढा मोठा सुस्कारा टाकला, जसा काही अपराध माझाच होता. एन्कार्नाच्या फेऱ्या त्या दिवसापासून बंद झाल्या. बोलायला मात्र मी गेले नाहीच. तोंड चुकवत राहिले.

पण काल सान आंतोनचा सण झाला. हा जनावरांचा संत. त्याच्या नावाने सगळा गाव आपापली जनावरं चर्चच्या दाराशी आणतो आणि पाद्री त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात. खेचरं, कोंबड्या, एका मुलीची बरणीतली गोगलगायसुद्धा होती. जाण्यापूर्वी शेवटचं म्हणून मी नेल्सनला टोपलीत घालून नेलं. पाणी पडताच त्याने पाद्रीबुवांना जे सुनावलं, ते त्या अंगणात आजवर कोणी बोललं नसेल.

आणि मागून एन्कार्ना आली. हातात दोरी, दोरीला कुत्रा आणि कुत्र्याच्या अंगात माझा निळा स्वेटर! मातियास लाजून दहा पावलं मागे चालत होता. पाद्रीबुवांनी कुत्र्याचं नाव विचारलं, तर एन्कार्नाने खणखणीत आवाजात सांगितलं, की कानेलो बार्नबी. कोणाचा, असं विचारलं, तेव्हा तिने दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात कोंबलं.

मग मी भर अंगणात रडले आणि माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत माफी मागितली, की मी तुझा कुत्रा चोरला, मला ठाऊक नव्हतं. वेडीकडे पाहावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, की अगं बाई, चोरलास कसला, आम्हीच तर त्याला पाठवतो! तुझा नवरा गेला त्या संध्याकाळी मी मातियासला म्हटलं, ही बाई एकटी, भाषा धड येत नाही, कुठे पडलीबिडली तर कळणार कोणाला? मी रोज आले असते तर तू चहा करत बसली असतीस आणि दोघींनाही अवघडल्यासारखं झालं असतं. म्हणून याला पाठवलं. सकाळी हा वेळेवर घरी आला, की आम्ही समजायचं बाई ठीक आहे. एकदा आला तो आमची चप्पलच ओढायला लागला, तेव्हा मी सूप घेऊन धावले. आणि डिसेंबरात तू दार बंद केलंस तेव्हा माझा जीव नुसता टांगणीला लागला होता!

तिचं बोलणं मला एरवी निम्मंच कळतं. काल सगळं कळलं.

ताई, मला वाटत होतं मी त्याला सांभाळते. दोन वर्षं मला अख्खं एक घर सांभाळत होतं आणि मी त्यांना साधं बोलावून जेवूही घातलं नाही. पाटी मी काढून आणली आहे. फरशी गार लागते म्हणून ती बार्नबीच्या अंगाखाली घातली आहे.

तुला दिलेला शब्द मोडते आहे, तो डोळे उघडे ठेवून मोडते आहे. माझं विमानाचं तिकीट परत करते. पण एक विचारायचं आहे. त्या पिवळ्या फुलांच्या खोलीत मला आणायची तुझी एवढी घाई कोणासाठी होती? तुझ्याकडे संध्याकाळी सहाला कोण येतं?

जे असेल ते खरं लिही. लोभ ठेवशीलच, नाही तर मी मागून घेईन.

तुझी,
बेरिल


फ्लीटवूड,
२ फेब्रुवारी २०१४

चि. बेरिल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा चष्मा लावून, आणि तिसऱ्यांदा वाचलं ते तुला सांगण्यासारखं नाही.

माझ्याकडे सहाला कोणी येत नाही. सातलाही नाही. ऑक्टोबरात मी जिन्यावरून पडले. खालच्या पायरीवर बसून राहिले, दुसऱ्या दिवशी पोस्टमन येईपर्यंत. छत्तीस वर्षं टपालाची सेवा केली, ती त्या दिवशी फळाला आली म्हणायची. कंबर तेव्हापासूनच दुखते. तुला लिहिलं नाही, कारण तू धावत आली असतीस, आणि मला तू धावत यायला नको होतीस, राहायला यायला हवी होतीस. खोलीचा कागद मी माझ्यासाठी लावला गं. म्हणून तर तो पिवळा.

एन्कार्नाबाईला माझा नमस्कार सांग. तिच्यासारखी अक्कल आमच्या गल्लीत एकालाही नाही, आणि मलाही नव्हती. समोरच्या घरात दोन वर्षांपूर्वी एक विधवा बाई राहायला आली, तिचं नाव मी काल पहिल्यांदा विचारलं. मिसेस ऑलरेनशॉ. झाडांना पाणी घालायला तिने किल्ली ठेवून घेतली आहे.

कारण मी येते आहे. बारा मार्चला आल्मेरियाला उतरेन. परतीचं तिकीट काढलेलं नाही, ते माझी कंबर आणि तुझा स्वयंपाक बघून ठरवू. स्वेटर विणू नकोस. केस, चिखल, ओरखडे, सगळं चालेल. पलंग मात्र खिडकीपाशी हवा.

आणि त्या कानेलो बार्नबीला आत्तापासून सांगून ठेव. यापुढे सकाळी घरी जाताना दोघींना मोजून जायचं.

तुझी ताई,
इनिड