गोलसमोरचं गवत

प्रिय भिंत,

या नावानं आता तुला कोणी हाक मारत नसेल. तुझ्या औषधांच्या दुकानात येणाऱ्यांना काय ठाऊक, की काउंटरपलीकडच्या या शांत बाईंना चुकवून एके काळी फुटबॉल गोलमध्ये जात नसे. पण आज मला दुसरं नाव सुचेना. सकाळपासून कोणाला सांगू आणि कोणाला नको असं झालंय, आणि ज्यांना सांगायला जावं ते दोन वाक्यांतच घड्याळ बघतात. आमचे हे तर काल म्हणाले, की घरात पुन्हा गवत हा शब्द काढलास तर मी खरंच चरायला निघून जाईन. तेव्हा आता तूच ऐक. आमच्या शाळेच्या मैदानावर गवत आलंय. दाट, हिरवंगार, पाय ठेवला की किंचित दबणारं आणि उचलला की परत मान वर काढणारं.

आधी तुझ्या लेकीचं सांगते, नाहीतर तू ओळी गाळत तेच शोधत बसशील. हॉस्टेलवर मजेत आहे. पोटभर जेवते, गणिताशी तिनं तह केलाय, शाळेत मला बाई म्हणते आणि फाटकाबाहेर मावशी, आणि यात कधी चुकत नाही. हां, तर मैदान. ते म्हणजे तापलेला तवा होता. पोरगी पडली की गुडघ्याची सालं निघालीच म्हणून समज. खेळाच्या तासाला माझा निम्मा वेळ जखमा धुण्यात जायचा. मुख्याध्यापिका बाईंच्या मागे मी वर्षानुवर्षं भुणभुण लावली होती, आणि गेल्या वर्षी त्या एकदाच्या हो म्हणाल्या. फक्त म्हणाल्या, लावायचंच तर असं लावा की बघणाऱ्यानं बघत राहावं. त्यांच्या डोळ्यांपुढे कुठल्याशा हॉटेलबाहेरचं लॉन होतं. खोटं कशाला बोलू, माझ्याही होतं. नर्सरीतून बारीक पात्याचं, मऊ मऊ गवत आणलं, त्याला कार्पेट म्हणतात, आणि नावाप्रमाणेच ते अंथरलं. पहिले काही दिवस आम्ही दोघी संध्याकाळी चपला काढून त्यावर फिरायचो. मग पोरींना सोडलं. भिंत, महिन्याभरात त्या गालिच्याला ठिकठिकाणी टकलं पडली. ते गवत वाढतं हळू. एकदा उखडलं की भरून यायला त्याला सवड लागते, आणि आमच्या पोरी कसली सवड देतात.

मग नर्सरीच्या मालकीणबाई स्वतः बघायला आल्या. शेतकी कॉलेजात शिकलेल्या, उंच, आणि बोलताना हातातली खुरपी अशी हलवतात की समोरच्यानं जरा लांबच उभं राहावं. म्हणाल्या, तुम्ही आधी गवत पसंत केलंत आणि मग त्याला जागा दाखवलीत. पाय न मोजता बूट आणल्यासारखं झालं हे. ऊन किती वेळ राहतं, पाणी कुठे साचतं, माती कशी, आणि वर पाय किती पडणार, हे कोण बघणार? मी म्हटलं, पायांचं मी सांगते, अख्ख्या शाळेचे. आम्ही मधोमध खणून पाहिलं तर खुरपी टणकन वाजली. माती तुडवून तुडवून विटेसारखी झालेली, त्यात मुळांनी शिरायचं तरी कुठून? मग सगळं मैदान उकरलं, त्यात रेती आणि कुजलेलं खत मिसळलं, पाणी वाहून जाईल असा हलका उतार दिला. आणि गवत कुठलं लावायचं, असं मी विचारल्यावर त्या कुंपणाच्या भिंतीकडे गेल्या, फटीतून एक तण उपसून आणलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. काय असावं सांग. हरळी. मला हसू आवरेना. तुझे बाबा आपल्याला काय म्हणायचे आठवतं ना? अंगणातून कितीही हाकला, या दोघी हरळीच्या मुळीसारख्या परत उगवतात. त्यांचं निम्मं आयुष्य वाफ्यांतली हरळी उपटण्यात गेलं, आणि मी तीच मुद्दाम लावणार होते. म्हणजे तिचीच सुधारलेली, जरा बारीक पात्याची जात. तिला भरपूर ऊन लागतं, बाकी फारसं काही लागत नाही. तुडवलेलं सोसते, जमिनीला धरून आडवी पळते, आणि उखडलेली जागा दिसली की आपली आपण तिथवर चालत येते.

पोरींनी रांगा धरून काड्या लावल्या. चिखलात सगळ्या सारख्याच दिसत होत्या, हजेरी घ्यायची पंचाईत. आणि मग रोज सकाळी मी शाळा भरायच्या आधी जाऊन बघायची. आधी नुसतं हिरवं धुकं दिसल्यासारखं, मग ठिपके जोडले जावेत तसं सगळं एकमेकांत मिसळून गेलं. सगळीकडे आलं, फक्त शाळेच्या इमारतीकडच्या गोलसमोर आलं नाही. तिथे काड्या पिवळ्या पडल्या, विरळ झाल्या, मातीवर शेवाळं धरलं. इमारत तीन मजली, तिची सावली त्या गोलवर दिवसभर पसरलेली असते. नर्सरीच्या बाई म्हणाल्या, सावलीत वाढणारं रुंद पात्याचं गवत असतं, तेवढ्या भागात ते लावू. लावलं. इतकं छान आलं की आम्ही एकमेकींना टाळ्या दिल्या. पण गोलपुढची जागा कशी असते ते तुला मी काय सांगणार. सगळ्या मैदानात जेवढे पाय पडत नाहीत तेवढे तिथे पडतात. पहिल्याच कॉर्नरच्या सरावाला गवत मुळांसकट गठ्ठ्यागठ्ठ्यानं हातात आलं. बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, सावली सोसणारं गवत माझ्याकडे आहे, पाय सोसणारं आहे, दोन्ही सोसणारं देवानं केलेलं नाही.

त्या आठवड्यात माझी झोप उडाली होती. इमारत तर हलवता येत नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी मी चुन्याची पिशवी घेऊन गेले, पायऱ्यांवर बसले आणि सावलीची कड जिथे जिथे सरकेल तिथे उठून रेघ मारत राहिले. पहारेकरी मला वेड लागलं की काय म्हणून दोनदा बघून गेला. संध्याकाळी सगळ्या रेघा एकत्र बघितल्या आणि मी अक्षरशः उठून उभी राहिले. सावलीचा पट्टा इमारतीला धरून, लांबच लांब होता. त्याच्या पलीकडे पूर्ण मैदान उन्हात. आणि आपलं मैदान जवळजवळ चौकोनी. म्हणजे इमारत नाही, पण मैदान हलवता येत होतं. दोन्ही गोल उपटून बाजूला न्यायचे, खेळ आडवा करायचा, की दोन्ही गोलना ऊन मिळालं आणि सावलीचा पट्टा खेळाबाहेर गेला. इतकं सोपं होतं की आधी न सुचल्याचा रागच आला. मुख्याध्यापिका बाई मात्र ऐकेनात. खांब काँक्रीटमध्ये रोवलेले, पहिल्या बॅचपासून तिथेच उभे, उगाच कशाला. मी वाद घातला नाही. भर दुपारी त्यांना आधी उन्हात उभं केलं, मग त्या सावलीच्या पट्ट्यात आणून उभं केलं आणि म्हटलं, सामन्याला पाहुणे आले की आपण त्यांना उन्हात बसवतो आणि गोलकीपरला सावलीत. त्यांनी पदरानं घाम टिपला आणि म्हणाल्या, खांब काढणाऱ्याला कधी बोलावताय? आता त्या पट्ट्यात रुंद पात्याचं गवत आहे, तिथे कोणी धावत नाही म्हणून ते सुखी आहे, आणि मधल्या सुट्टीत पोरी त्यावर डबे उघडून बसतात.

हे सगळं तुला सांगताना एक गोष्ट मी टाळून चालले होते, आणि तुझ्याही ते लक्षात आलं असेलच. आपल्या शेवटच्या सामन्याचं मैदान आमच्या गवताआधीच्या मैदानासारखंच होतं. खडबडीत, दगडासारखं. तू उजवीकडे झेप घेतलीस, चेंडू अडवलास, आणि उठलीच नाहीस. डॉक्टर म्हणाले होते, हा गुडघा फरशीवर आपटल्यासारखा फुटलाय. दवाखान्यातल्या त्या पलंगावरून तू हातमोजे माझ्याकडे दिलेस आणि म्हणालीस, पुन्हा या विषयावर बोलायचं नाही. मी बोलले नाही. तुझं लग्न झालं, दुकान झालं, लेक झाली, जिना चढताना तू कठड्याला धरतेस हे मी बघत राहिले आणि गप्प राहिले. लेकीला हॉस्टेलवर सोडायला येतेस तेव्हा फाटकापासून खोलीपर्यंत तू एकदाही डावीकडच्या मैदानाकडे मान वळवत नाहीस, हेही मी बघते. त्यात तुझं काही चुकतं असं मला कधी वाटलं नाही.

आता आज सकाळचं ऐक. नवे गोल उभे राहिले, गवत दाट झालं, पण खरी परीक्षा व्हायची होती. पोरीला झेप घ्यायला सांगायची आणि तिलाच लागायचं, हे मला चालणार नव्हतं. मग मीच उभी राहिले गोलमध्ये. या वयात, या वजनात. सर्वांत जोरात मारणाऱ्या पोरीला सांगितलं, मार. ती म्हणाली, बाई, नको. मी म्हटलं, मार नाहीतर चार चकरा. तिनं मारला आणि मी उजवीकडे झेपावले. झेप म्हणजे काय, पोतं पडतं तशी पडले. चेंडू मला न विचारता आत गेला. पोरी हसून हसून लोळल्या, वरच्या खिडकीत मुख्याध्यापिका बाई तोंडाला पदर लावून उभ्या. पण मी उठले, भिंत. आपली आपण. गुडघा हिरवा झाला होता, सोललेला नव्हता. मग आणखी चार वेळा पडले, डावीकडे, उजवीकडे, मुद्दाम वाईट पडले. घरी आल्यावर ह्यांनी कपड्यांकडे पाहिलं आणि चहा ठेवला.

आता हे पत्र कशासाठी ते. गेल्या वर्षी, शाळा सुरू झाल्या झाल्या तुझी लेक माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, मला गोलकीपर व्हायचंय. मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. या मैदानावर नाही, आणि तुझ्या आईनं हो म्हटल्याशिवाय नाही. पहिल्या गोष्टीला मला वर्ष लागलं. एवढ्या दिवसांत ती इतरांबरोबर धावली, पण गोलमध्ये एकदाही उभी राहिली नाही, तशी परवानगीसुद्धा मागितली नाही. आज मी पाचव्यांदा उठून कपडे झटकत होते तेव्हा ती शेजारी आली आणि हळूच म्हणाली, मावशी, एक गोष्ट झाली ना? शाळेच्या आवारात मला पहिल्यांदाच मावशी म्हणाली. मी विचारलं, चेंडू अंगावर येतो त्याची भीती नाही वाटत? म्हणाली, चेंडूची नाही, आईला विचारायची वाटते, म्हणून तू लिही. तर लिहिलं. शनिवारी सकाळी शेजारच्या शाळेशी सामना आहे. दुसरी गोलकीपर तयार आहे, त्यामुळे तू नाही म्हणालीस तर कोणाचं काही अडणार नाही, लेकही रुसणार नाही, तसं तिनं मला कबूल केलंय. फक्त ते इथे येऊन म्हण. आधी गवतावर चाल, हवं तर टाचेनं दाबून बघ, तिच्याशी बोल, आणि मग जे वाटेल ते सांग. तुझ्यासाठी सावलीत खुर्ची ठेवते.

तुझीच,
भिंगरी