पैलवानाच्या दुखण्याविषयी व्याह्यांना

कामठा

आदरणीय व्याही दुधरामजी यांना भैय्यालालचा रामराम. विहीणबाईंना नमस्कार, ओमेशला आशीर्वाद. अर्जुनीच्या थंडीत आपला गुडघा फार त्रास देत नसेल, अशी आशा करतो. इकडे एक सोडून सर्वांची प्रकृती ठीक आहे आणि हे पत्र त्या एकाबद्दलच आहे. (फोनच केला असता, पण आपले मेव्हणे उमरावजी इथून परतल्यापासून आपण फोन उचलत नाही. इकडे साक्षगंध तोंडावर आलं आणि आमच्या पोरीचं, दामिनीचं, जेवणात लक्ष नाही.)

आमच्या घरी एड्स आहे, असं आपल्या कानावर आलं असेल. आहे, पण बोक्याला. दामिनीनं राईस मिलच्या मागून हा फाटक्या कानाचा पैलवान उचलून आणला (नावही तिचंच). मला वाटलं, धानाच्या ढोलीतले उंदीर तरी कमी होतील. गोंदियाच्या जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासलं, नसबंदी केली आणि सांगितलं की रोगाशी लढायची ताकद कमी करणारा विषाणू याच्या अंगात आहे. तो मांजरांच्या आपसातल्या चावाचावीतून पसरतो. माणसाला होत नाही, गाईबैलालाही नाही. नीट सांभाळलं तर हा बरीच वर्षं जगेल. फक्त बाहेर सोडायचं नाही आणि कच्चं काही खाऊ द्यायचं नाही. आता उंदीर तर कच्चाच असतो. म्हणजे ज्याला उंदरांसाठी ठेवला, त्यालाच उंदरांपासून वाचवत मी घरभर फिरतो. सगळ्या खिडक्यांना जाळ्या ठोकल्या. शेजारची शामकला विचारते, घरात सोनं निघालं काय.

उमरावजी घर पाहायला आले, तर पैलवान सरळ त्यांच्या मांडीवर. (माझ्या मांडीवर यायला त्यानं आख्खा पावसाळा घेतला.) चहा झाला, बोलणी गोड झाली. निघताना शामकलानं दारातच, अगदी आपुलकीनं, बोक्याचा एड्स कसा आहे म्हणून चौकशी केली. उमरावजी एवढंच बोलले, "भैय्यालालभाऊ, आधी काऊन नाही सांगितलं जी?" आणि अंगावरच्या कपड्यांनिशी थेट तलावात उतरले. आता माझ्या घरून निघालेला माणूस कपड्यांसकट बुडी मारतो म्हटल्यावर गाव काय समजणार? घरात मयत झाली, हेच. बघता बघता अंगणात बांबू आले, गोवऱ्या आल्या, बायांनी रडायला सुरुवात केली. मी पैलवानाला टॉवेलात गुंडाळून गोळी देत होतो, तसाच बाहेर आलो. मी जिवंत आहे हे काहींना लवकर पटेना (बांबू वाहून आणणाऱ्यांना तर जरा जडच गेलं). चहा मात्र कोणी घेतला नाही.

तेव्हा हात जोडून विनंती, की बोक्याच्या दुखण्यापायी पोरीचं जमलेलं लग्न मोडू नये. खात्री वाटत नसेल तर कोणत्याही डॉक्टरला विचारा.

आपला
भैय्यालाल

ता.क. : पाकीट बंद करणार तोच ओमेशचा फोन आला. आपला मोबाईल धानाच्या बांधीतल्या चिखलात पडला होता म्हणे. ओमेशनं स्वतःच डॉक्टरला विचारलं आणि आपण सगळे साक्षगंधाला येता आहात. वरची विनंती रद्द समजावी.

आणखी एक : तरी पत्र पाठवतो आहे. दामिनी पैलवानाला सासरी नेणार म्हणते आणि ओमेश आपल्या घरच्या खिडक्यांची मापं घेऊन राहिला आहे. दामिनीची आई गेल्यापासून या घरात मला ती आणि पैलवान, हे दोघंच आहेत. पोरगी जाईल, ते मी मनाला समजावलं आहे. दोघं एकदम गेले तर मला करमणार नाही. आपला शब्द ती मोडायची नाही. तेव्हा वर जे जे समजावून सांगितलं ते विसरा, थोडं घाबरल्यासारखं करा आणि हा बोका आमच्याकडे चालणार नाही म्हणून ठणकावून सांगा. उमरावजींनाही सोबत आणा. जाताना ते पुन्हा तलावात उतरले तर दामिनीला लवकर पटेल. बांबू आणू नका म्हणून गावाला मी सांगून ठेवतो.