अण्णाला सॉरी

२ मार्च १९३६
ऑफिसात साहेबाचा चहा माझ्या रजिस्टरवर सांडला. सॉरी म्हणून साहेब निघून गेला. प्रकरण संपलं. केवढी सोय. वाकणं नाही, पाया पडणं नाही. इंग्रज राज्य का करतो ते आज कळलं.

ठरवलं. वडगावला जाऊन अण्णाला सॉरी म्हणायचं. वर्ष झालं, सख्खा थोरला भाऊ आमच्या घरचं पाणी पीत नाही. कारण क्षुल्लक. आमच्या टिळकवाडीतल्या नव्या घराच्या वास्तुशांतीला हेडक्लार्कनं अण्णाकडं बघून विचारलं, हे कोण. मी म्हटलं, आमचे साड्यांचे विणकर. खोटं काय त्यात? माग चालवूनच त्यानं मला मॅट्रिक केलं.

५ मार्च
सराव. खडेबाजारात एकाच्या पायावर पाय पडला, सॉरी. नीट ऐकू आलं नाही, सॉरी. हेडक्लार्कची सासू वारली, तेव्हाही तेच. घरी दूध लवंडलं. कुटुंबाला सॉरी म्हटलं, तर म्हणाली, ते ऱ्हाऊ दे, आधी फडकं घ्या. बायकांना भाषेची गोडी नाही.

८ मार्च, रविवार
वडगाव. अण्णा मागावर. दारातूनच स्वच्छ उच्चारात म्हटलं. मागाचा इकडून तिकडं धावणारा धोटा थांबला. म्हंजे काय रं, म्हणाला. मी अर्थ सांगितला, उपयोगही. चहा, पाय, मयत. मग मराठीत सांग की, म्हणाला. मी म्हटलं, मराठीत ते जरा जास्तच होतं.

धोटा पुन्हा सुरू झाला. राग बराच निवळलेला दिसला.

२० एप्रिल
पुतणीचं, राजाबाईचं लग्न ठरलं. भाऊबंदांना अक्षत द्यायला घरचं माणूस जातं. म्हणजे अण्णा स्वतः येणार. कुटुंबाला पुरण घालायला सांगितलं.

३० एप्रिल
पोस्टानं पत्रिका आली. पोस्टाची पत्रिका परक्यांना, असं कुटुंबाचं म्हणणं. मी म्हटलं, अण्णा सुधारला. पत्रिकेत चुलता म्हणून माझं नाव नाही. छापखान्याची चूक असणार.

१० मे
लग्न झालं. मांडवात वाढायला पुढं झालो, तर चुलतभाऊ भरमूनं हातातली पळी काढून घेतली. पाव्हण्यांनी वाढायचं न्हाय, म्हणाला. पंगतीत बसलो.

अण्णा विचारपूस करत आला. हात जोडून मला म्हणाला, सावकाश जेवा, तुम्हास्नी काय लागलं तर सांगा. जन्मापासून मी त्याचा अरे-तुरेचा. फार लागलं.

चुकलो अण्णा, हे तोंडाशी आलं होतं. पण ते घरच्या माणसाला म्हणायचं असतं. मी मान हलवली आणि पानातलं संपवलं.